जादा कापडाचा हिशेब: टक, चुण्या आणि झालरींच्या अभ्यासाची प्रस्तावना

कमरेचा घेर ७० सेंटिमीटर आणि परकराचा घेर ३ मीटर असेल, तर मधल्या २ मीटर ३० सेंटिमीटर कापडाचं काय करायचं? पेहरावाच्या प्रत्येक परंपरेला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं आहे. नऊवारी नेसणारीने ते सुईदोऱ्याशिवाय दिलं: निऱ्या घालायच्या, खोचायच्या, लुगडं सोडलं की त्याही सुटल्या, उद्या पुन्हा घालायच्या. बहरीनच्या बायकांच्या पारंपरिक ‘थोब अल नशल’चं उत्तर निराळं आहे. तलम, पारदर्शक कापडाचा हा झगा इतका ऐसपैस असतो की त्याच्या रुंद बाह्या डोक्यावरून घेता येतात. त्यात कापड कुठे आवळलेलं नाही, चिमटलेलं नाही. रुंदी तशीच मोकळी सोडायची आणि समोरच्या भागावर जरीकाम चढवायचं, एवढंच. युरोपातल्या शिवणीने तिसरी वाट धरली. जादा कापड शिवणीपाशी गोळा करायचं, टिपेखाली कायमचं बांधायचं आणि त्या बांधण्यालाच शोभा मानायची. टक, प्लीट, चुण्या, झालर, फ्रिल ही सगळी या तिसऱ्या उत्तराची रूपं आहेत.

या अभ्यासाचा विषय तोच, पण त्याचा एक विशिष्ट टप्पा. ही कामं हातातून निघून शिवणयंत्राला लावायच्या लहानशा लोखंडी अवजारांकडे कशी गेली, ती अवजारं चालतात कशी, त्यांच्याकडून काय होतं आणि काय कधीच होत नाही, हे त्यात पाहायचं आहे. रफलर, टकर, चुण्यांचा फूट, पिनटकचा फूट ही त्यांची नावं. मराठी घरांत या वस्तू अनोळखी नाहीत. यंत्राच्या खणात, गुंडाळीच्या रिळांखाली, बटणांच्या डबीशेजारी त्या पडलेल्या असतात. वापरात मात्र नसतात. आपल्याकडच्या शिवणवर्गांनी माप आणि बेतणं फार चांगलं शिकवलं. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनापासून आजच्या आयटीआयपर्यंत ही परंपरा सलग आहे. पण फ्रिल करायची म्हणजे दोन सैल टिपा मारायच्या, खालचा दोरा ओढायचा आणि चुण्या बोटांनी सारख्या करत बसायचं, यापुढे सहसा कुणी गेलं नाही. ही रीत वाईट नाही. नाजूक कापडावर आजही तीच खरी. तरी पर्याय माहीत नसल्यामुळे ती धरून राहणं आणि पर्याय पाहून, तोलून ती निवडणं यांत फरक आहे.

हा अभ्यास बहरीनमध्ये करायचा आहे. तो तिथेच का? पुण्यात किंवा मुंबईत का नाही? कारण वर सांगितलेली तिन्ही उत्तरं या छोट्याशा बेटावर एकाच शिंप्याच्या टेबलावर येऊन पडतात. मनामाच्या सूकमध्ये कापडाचे गठ्ठे रचलेली दुकानं आणि त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांत यंत्रं चालवणारे भारतीय उपखंडातले कारागीर हे तिथलं नेहमीचं दृश्य आहे. त्याच शिंप्याकडे कुणी अबायाच्या बाहीला फ्रिल लावून घ्यायला येतं, कुणी साडीवरचं पोलकं शिवायला टाकतं, कुणी मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी झालरीचा फ्रॉक मागतं. महाराष्ट्र कल्चरल सोसायटीच्या गणेशोत्सवाचे दिवस जवळ आले की खणाचे परकर-पोलके उसवून, वाढवून घेणाऱ्या आयांची त्यात भर पडते.

मुंबईशी या बेटाचं नातं कापडाइतकंच जुनं आहे. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात यायचे आणि परतीच्या बोटींतून धान्य, लाकूड, कापड तिकडे जायचं. भारतीयांचा तिथला इंडियन क्लब १९१५ सालचा. तेल निघालं १९३२ मध्ये, म्हणजे त्यानंतर सतरा वर्षांनी; भारतीय माणूस तिथे तेलाच्या मागे गेला ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी आहे. चलन तर रुपयाच होतं. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळे रुपये छापले आणि १९६५ साली १० रुपयांना १ दिनार या हिशेबाने बहरीनचा स्वतःचा दिनार आला. म्हणजे १९५९ पर्यंत मनामातलं शिवणयंत्र आणि गिरगावातलं शिवणयंत्र एकाच चलनात विकत मिळत होतं.

आता यंत्राकडे वळू. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतलं तेव्हा त्याचं यंत्र सरळ टीप मारत होतं, इतकंच. पण सरळ टीप लवकर येऊ लागली तशी कपड्यावरच्या टिपाही वाढल्या. व्हीलर अँड विल्सन या कंपनीने त्या काळी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला साधारण साडेचौदा तास आणि यंत्राने सव्वा तास लागतो असं म्हटलं होतं. वाचलेल्या तेरा तासांचं काय झालं? त्यातले बरेचसे झालरींत गेले. १८७० आणि ८० च्या दशकांतल्या युरोपीय झग्यांवर झालरींच्या ओळीवर ओळी दिसतात. हाताने शिवायच्या काळात ही चैन मूठभर घरांना परवडली असती. यंत्राने बाईचं काम कमी केलं, हे वाक्य शिवणयंत्राच्या इतिहासात फार सहज लिहिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. काम सोपं झालं, पण ‘पुरेसं’ म्हणजे किती याची रेषा लगेच वर सरकली.

ही सरकलेली रेषा गाठायला अटॅचमेंट आल्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ओटम्वा या गावी ॲलन जॉन्स्टन याने रफलर बनवण्याचा कारखानाच काढला आणि १८७० च्या दशकात त्याचा माल दूरवर गेला. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनची ग्राइस्ट कंपनी पुढे अनेक यंत्रनिर्मात्यांना हे सुटे भाग पुरवत राहिली. सिंगरच्या यंत्रांबरोबर येणारी ओकच्या लाकडाची उलगडणारी पेटी १८८९ च्या पेटंटची आहे. बिजागऱ्यांवर तिच्या बाजू पसरून सपाट होतात आणि आत प्रत्येक अवजाराची जागा कोरून ठेवलेली असते. जुन्या वस्तू जमवणारे तिला कोड्याची पेटी म्हणतात, आणि ते योग्यच आहे, कारण एकदा बाहेर काढलेली अवजारं जिथल्या तिथे बसवणं खरोखर कोडं सोडवण्यासारखं असतं.

मुंबईत एन. एम. पटेल या पारशी एजंटांनी १८७५ च्या सुमारास सिंगरचा व्यापार हाती घेऊन तो देशभर पसरवला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबई-पुण्याच्या छायाचित्रांत पोलक्यांच्या गळ्यांना आणि फुगीर बाह्यांना झालरी दिसतात, त्यांच्यामागे ही यंत्रं उभी आहेत. यंत्राविरुद्ध लिहिणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. त्यांच्या मनात झालर नसावी, हे उघड आहे.

रफलर हे या साऱ्यांतलं सर्वांत बोजड आणि सर्वांत हुशार अवजार. नेहमीचा प्रेशर फूट काढून त्याच्या जागी तो बसवतात. त्याला एक दुबेळकं असतं, ते सुई आवळणाऱ्या स्क्रूभोवती अडकतं. सुई वर-खाली होते तसा रफलरचा हात हलतो आणि त्या हाताच्या टोकाचं बारीक दातेरी पोलादी पातं कापडाला सुईकडे ढकलतं. सुई खाली यायच्या आत तिथे एक घडी पडलेली असते, तिच्यावर टीप बसते, पातं मागे सरतं आणि पुन्हा पुढे येतं. दातेरी पात्याखाली एक गुळगुळीत पातं असतं. चुण्या घालायचं कापड या दोन पात्यांच्या मधे, आणि ज्या साध्या कापडाला झालर जोडायची ते खालच्या पात्याच्याही खाली. त्यामुळे वरच्या कापडाला चुण्या पडतात, खालचं सपाट राहतं आणि दोन्ही एकाच टिपेत जोडली जातात. चुण्या घालणं, टाचणं आणि शिवणं ही तीन कामं एका फेरीत संपतात.

त्याच्यावर दोन नियंत्रणं असतात. एक स्क्रू पातं किती पुढे यायचं ते ठरवतो, म्हणजे प्रत्येक चुणीत किती कापड जाईल ते. दुसरी पट्टी, तिच्यावर १, ६, १२ हे आकडे आणि बहुधा एक तारा असतो, ती चुणी किती टाक्यांनी पडायची ते ठरवते. १ वर प्रत्येक टाक्याला चुणी, ६ वर सहा टाक्यांनी, १२ वर बारा टाक्यांनी. ताऱ्यावर पातं थांबतं आणि साधी टीप पडते. या ताऱ्याचा उपयोग बहुतेकांना कळत नाही. चुण्यांचे गट पाडायचे असतील, म्हणजे चार प्लीट, मग मोकळी जागा, मग पुन्हा चार, तर रफलर काढ-घाल न करता ताऱ्यानेच काम भागतं.

इथपर्यंतचं वर्णन कुठल्याही यंत्राच्या पुस्तिकेत सापडेल. पुस्तिका जे नीट सांगत नाहीत ते असं: चुण्यांची दाटी तिसऱ्याच गोष्टीवर अवलंबून असते, आणि ती म्हणजे टाक्याची लांबी. समजा, पातं प्रत्येक वेळी ६ मिलिमीटर जादा कापड आत सरकवतंय आणि पट्टी ६ वर आहे. टाका २ मिलिमीटरचा असेल तर सहा टाक्यांत १२ मिलिमीटर शिवण होते आणि तिच्यात १८ मिलिमीटर कापड जातं. ३ मीटर घेराला साडेचार मीटर पट्टी लागेल. आता बाकी काही न बदलता टाका फक्त दीड मिलिमीटरचा केला, तर सहा टाक्यांत शिवण ९ मिलिमीटरचीच होते, कापड जातं १५ मिलिमीटर, आणि त्याच घेराला ५ मीटर पट्टी लागते. अर्धा मीटर कापडाचा फरक! पट्टी १२ वर नेली आणि टाका पुन्हा २ मिलिमीटरचा ठेवला, तर पावणेचार मीटरमध्ये भागतं. शेवटच्या वितीला पट्टी अपुरी पडल्याची तक्रार रफलर वापरणाऱ्या प्रत्येकाने केलेली असते, आणि तिचं मूळ बहुधा या हिशेबात असतं. म्हणून त्याच कापडाचा, त्याच दोऱ्याचा, त्याच टाक्याचा ३० सेंटिमीटरचा नमुना आधी शिवून किती कापड खाल्लं ते मोजायचं, मग पट्ट्या कापायच्या. हा नियम कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही.

टकरचं तत्त्व अगदी उलटं. रफलर स्वतः घडी घालतो, टकर घालत नाही. तो पुढची घडी कुठे पडायची ते दाखवतो. त्याच्यावर दोन मोजपट्ट्या असतात. सिंगरच्या जुन्या टकरवर टकच्या रुंदीचा प्रत्येक आकडा इंचाचा आठवा भाग, आणि दोन टकांमधल्या अंतराच्या पट्टीवरचा प्रत्येक आकडा इंचाचा चौथा भाग. हे दुप्पट प्रमाण मुद्दाम आहे. टक म्हणजे दुहेरी घडी, म्हणून १/८ इंचाच्या टकला १/४ इंच कापड लागतं. दोन्ही पट्ट्या एकाच आकड्यावर ठेवल्या की टक एकमेकांना लागून बसतात, मधे फट राहत नाही. अंतराची पट्टी पुढे सरकवली की तेवढी जागा मोकळी सुटते. टीप चालू असताना सुईच्या हालचालीने एक दांडी दर टाक्याला कापडावर दाबली जाते आणि पुढच्या टकची दुमड कापडावर उमटत जाते. त्या खुणेवर कापड दुमडायचं, कडेच्या मार्गदर्शक पट्टीला लावायचं आणि पुढची टीप मारायची. १/८ इंचाचे २० टक घेतले तर ५ इंच कापड आत जातं. म्हणून टक आधी घ्यायचे आणि मग पोलक्याचा पुढचा भाग बेतायचा.

यातली पहिली घडी मात्र माणसालाच घालावी लागते, आणि सगळा जुगार तिथेच असतो. ती कापडाच्या उभ्या धाग्यात बरोबर असेल तर पुढचे टक रूळ पडल्यासारखे सरळ येतात. धाग्यापासून केसभर तिरकी गेली तर टकर तो तिरकेपणा निमूटपणे पुढे नेतो, आणि विसाव्या टकपाशी कापड उरेब पडलेलं दिसतं. त्या घडीसाठी मलमलीतून एक धागा ओढून काढावा आणि त्या रेषेवर दुमडावं. ही हाताची जुनी युक्ती कुठल्याही पट्टीपेक्षा जास्त खात्रीची आहे.

टकबद्दल आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना सांगायला हवी. शोभेच्या टकची चर्चा युरोपीय पुस्तकांत भरपूर आहे, पण टकचा दुसरा उपयोग आपल्या घरांनी जास्त मनावर घेतला. मुलीचा परकर वाढत्या अंगाचा शिवायचा, खालच्या बाजूला आतून रुंद टक घ्यायचा आणि मुलीची उंची वाढली की तो उसवायचा. हा टक म्हणजे कापडात ठेवलेली शिल्लक. उसवल्यावर जुन्या टिपेची रेषा आणि न विटलेल्या रंगाचा पट्टा दिसतो, म्हणून हुशार शिवणारी त्या जागी आधीच दोन-तीन शोभेचे टक किंवा लेस लावून ठेवत असे, म्हणजे एक टक सुटला तरी बाकीच्यांत खपून जाई. शोभा आणि काटकसर एकाच टिपेत आणण्याचं हे कौशल्य आहे. या अभ्यासात त्याला स्वतंत्र जागा मिळायला हवी. खणाच्या जाड कापडाला यंत्राचा रफलर फारसा मानवत नाही, जरीच्या काठाला तर मुळीच नाही, पण रुंद टक उत्तम बसतो.

पिनटकविषयी थोडक्यात. आजच्या यंत्रांवर तो दुहेरी सुईने आणि तळाला ३, ५, ७ किंवा ९ खाचा असलेल्या फूटने होतो. दोन सुयांना खालून एकच बॉबिनचा दोरा असतो. तो दोन्ही टिपा जवळ ओढतो आणि मधे कापडाची उंच रेघ उभी राहते. आधीची रेघ फूटच्या खाचेत धरली की पुढची समांतर येते. दिसायला छान आणि शिकायला सोपं काम आहे. पण हा घडीचा टक नव्हे. त्यात कापड दुमडलेलं नसतं, फुगवलेलं असतं. जाणकार उलट बाजू पाहून दोन्ही ओळखतात, आणि विकणाऱ्याने एकाच्या नावाखाली दुसरं विकू नये, एवढं माझं म्हणणं.

बहरीनमध्ये या विषयाला आणखी एक परिमाण मिळतं आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. मुहर्रक या जुन्या शहरात शेख इब्राहिम सांस्कृतिक केंद्राने जपलेलं ‘बैत अल कुरार’ नावाचं घर आहे. कुरार ही सोनेरी दोऱ्यांची वीण. ती एकट्या बाईला करता येत नाही. काही बायका बोटांवर दोऱ्यांचे फास घेऊन ते एकमेकींत पालटत वीण घालतात, आणि एक जण ती तयार होत असतानाच सुईने कपड्यावर बसवत जाते. वेगवेगळ्या बोटांचा ताण सारखा राहिला तरच पट्टी सारखी येते. दुसरी कला ‘नक्दा’ची, जाळीदार कापडात चांदीच्या चपट्या तारेचे ठिपके आणि नक्षी भरण्याची, लखनौचं मुकैश काम पाहिलेल्याला ती लगेच ओळखीची वाटेल. या दोन्ही कलांना यंत्राची अटॅचमेंट नाही. जरीच्या पट्ट्या यंत्रावर हुबेहूब विणता येतात आणि बाजारात त्या मिळतातही. पण कुरारची वीण आणि तिचं कपड्यावर बसणं ही एकच क्रिया आहे, आणि ती फोडली की उरते ती नुसती लेस.

रफलरशी तुलना करून पाहा. रफलरही दोन क्रिया एक करतो, चुणी घालणं आणि जोडणं. फरक असा की रफलरमध्ये माप पट्टीवर कोरलेलं असतं आणि ते कुणालाही वापरता येतं; कुरारमध्ये माप काही जणींच्या बोटांत वाटलेलं असतं आणि त्या एकत्र बसल्या नाहीत तर ते अस्तित्वातच नसतं. या अभ्यासाचा गाभा मला इथे दिसतो. कुठलं कौशल्य लोखंडात उतरवता येतं आणि कुठलं नाही, याचा शोध घ्यायचा. कुरार श्रेष्ठ आणि रफलर हलका, असा निवाडा करण्यात अर्थ नाही. बनी जमरा गावात हातमागावर विणणारे आता मोजकेच उरले आहेत. त्यांचं कामही याच प्रश्नाच्या कक्षेत येतं. १९८८ मध्ये सुरू झालेल्या बहरीन राष्ट्रीय संग्रहालयात जुने पेहराव पाहायला मिळतात. हा विषय शिकणाऱ्याने तिथे वहीपेन्सिल घेऊन जावं आणि शिवणीच्या उलट बाजूचा कुठे तरी कोपरा दिसतो का ते शोधावं.

कापडाविषयीही आखातात काही वेगळं शिकायला मिळतं. पुण्याच्या शिवणवर्गात नमुना सुती मलमलीवर शिकवतात. मनामात काम येतं ते पॉलिएस्टर क्रेप, शिफॉन, जॉर्जेट यांचं. सुती कापड घडी लक्षात ठेवतं, नखाने दाबली तरी. शिफॉन ठेवत नाही. टकरची खूण त्याच्यावर उमटून लगेच विरते आणि रफलरच्या पात्याखाली ते घसरतं. खाली पातळ कागदाची पट्टी घेऊन शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा, हा चालू उपाय आहे. उलट पॉलिएस्टरला उष्णतेने दिलेली घडी धुतली तरी टिकते, सुतीची टिकत नाही. त्यामुळे अबायाच्या बाहीवरच्या बारीक प्लीट पुष्कळदा शिवणीच्या नसतात, उष्णतेच्या असतात. आणि हवा! उन्हाळ्यातल्या तिथल्या दमट, खारट हवेत उघडी ठेवलेली पोलादी अटॅचमेंट गंजते. रफलरचं दातेरी पातं गंजलं की कापडाचे धागे ओढले जातात. वापर झाला की पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, झाकणाच्या डबीत ठेवणं ही तिथे सवय म्हणूनच लावून घ्यावी लागते.

कारखान्यांची गोष्ट निराळी आणि थोडी कोरडी आहे. अमेरिका-बहरीन मुक्त व्यापार करार १ ऑगस्ट २००६ पासून लागू झाला. त्यात बाहेरच्या सुताचं कापड आणि कपडेही सवलतीत पाठवायची मुभा होती, वर्षाला ६ कोटी ५० लाख चौरस मीटरपर्यंत, आणि तीही दहाच वर्षं. २०१६ मध्ये ती संपली. या कारखान्यांत काम करणाऱ्यांत दक्षिण आशियातल्या बाया मोठ्या संख्येने होत्या. कारखान्यात रफलर घरगुती रूपात दिसत नाही. तिथे पुढच्या आणि मागच्या दात्यांचा वेग वेगवेगळा ठेवून कापड गोळा करणारी यंत्रं असतात, आणि एका वेळी अनेक सुयांनी टकांच्या ओळी टाकणारीही. तत्त्व मात्र तेच: कापड आत जातं जास्त आणि बाहेर पडतं कमी. घरच्या रफलरवर हात बसलेल्याला कारखान्याचं यंत्र पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटेल; उलट मार्गाने येणाऱ्याला घरचं यंत्र समजायला वेळ लागतो, असा माझा अंदाज.

नव्याने येणाऱ्याला लागणारं साहित्य फार थोडं आहे. आपली काळी घरगुती यंत्रं, उषा, मेरिट आणि त्यांच्या जातीची इतर, बहुतेक सिंगरच्या १५ क्रमांकाच्या नमुन्यावर बेतलेली आहेत आणि त्यांची फूट बसवायची दांडी आखूड असते. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा आखूड दांडीचा रफलर त्यांच्यावर आजही बसतो. उंच किंवा तिरप्या दांडीच्या यंत्राला तो चालत नाही, त्यामुळे विकत घेण्याआधी आपल्या यंत्राची दांडी पाहावी. भारतातली मोटर बहरीनमध्ये तशीच चालते, कारण दोन्हीकडे वीज २३० व्होल्टची. अपवाद होता तेल कंपनीने वसवलेल्या अवालीचा. तिथे अमेरिकी पद्धतीची ११० व्होल्टची वीज होती, तेव्हा त्या वसाहतीतून आलेलं जुनं यंत्र कुणी दिलं तर मोटरवरची पाटी वाचल्याशिवाय ते प्लगला लावू नये.

सुरुवात टकरपासून करावी, रफलरपासून नाही. रफलर पहिल्या मिनिटाला खूश करतो आणि दहाव्या मिनिटाला दगा देतो. टकर संथ आहे, पण तो धाग्याची दिशा, माप आणि धीर तिन्ही शिकवतो. हातभर मलमल घ्या, एक धागा ओढा, पहिली घडी घाला आणि १/८ इंचाचे दहा टक मारा. मग कापड उलटं करून मोजपट्टी लावा. दहा टकांनी अडीच इंच कापड खाल्लं असेल तर पुढे जा. नसेल तर पुन्हा करा. रफलर लावल्यावर पहिले काही फेरे हातानेच चाक फिरवून घ्या, दुबेळकं स्क्रूवर नीट अडकलंय याची खात्री करा आणि मगच पायडल किंवा मोटर. भरधाव चालवायचं हे अवजार नव्हे. त्याची टकटक ऐकून शेजारीही तेच सांगतील.

बहरीनमध्ये, आखातात किंवा इथे महाराष्ट्रात ज्यांच्या घरी आजीचं, आईचं यंत्र आहे, त्यांना एक विनंती. त्या यंत्राबरोबर आलेली अटॅचमेंटची डबी आणि मळकी पुस्तिका भंगारात देऊ नका. यंत्राचा क्रमांक, ते कुठे आणि कोणत्या साली घेतलं, रुपयांत घेतलं की दिनारात, त्याच्यावर काय काय शिवलं गेलं, हे घरातल्या जाणत्यांना आत्ताच विचारा आणि लिहून त्याच डबीत ठेवा. या विषयावर मराठीत काही लिहायला बसलेल्याला आज या नोंदीच सर्वांत कमी पडतात.